ढिली दोरी

“अहो, याला घरात बाथरूमपर्यंत जायचं तर मला हात धरावा लागतो, आणि तुम्ही याला डोंगरावरून खाली सोडायचं म्हणता?”

डेन्व्हरजवळच्या आमच्या मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात एका आईने मला हा प्रश्न विचारला होता. तिच्या हातात तिळगुळाची वाटी होती आणि शेजारी चाकाच्या खुर्चीत तिचा अकरा वर्षांचा मुलगा. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. पाय आखडलेले, बोलणे सावकाश, नजर मात्र तल्लख. ती म्हणाली त्यातले अक्षरन् अक्षर खरे होते. एक गोष्ट तेवढी तिला माहीत नव्हती, आणि काही वर्षांपूर्वी ती मलाही माहीत नव्हती : बर्फावर चालावे लागत नाही. सपाट जमिनीवर प्रत्येक पाऊल आपल्या बळावर उचलावे लागते. उतारावर ते बळ डोंगर पुरवतो. आपल्याकडे उरते ते दिशा देण्याचे आणि वेग आवरण्याचे काम. त्याला कोणाचे दोन हात पुरतात, कोणाचा एक खांदा, तर कोणाला नुसती मान वळवून बघणेही पुरते.

ही पुस्तिका म्हणजे त्या प्रश्नाचे लांबत गेलेले उत्तर आहे. कोलोरॅडोत आणि अमेरिकेच्या इतर बर्फाळ भागांत राहणाऱ्या मराठी माणसांसाठी मी ती लिहिली. हिवाळ्यातले काही शनिवार देऊ शकतील अशा लोकांसाठी. आपल्या मुलाला, भावाला, वडिलांना डोंगरावर न्यावे की नाही या विचारात असलेल्या घरांसाठी. आणि ज्यांच्यापुढे मी दरवर्षी पावतीपुस्तक घेऊन उभी राहते त्यांच्यासाठीही. या कामात माझे नऊ हिवाळे गेले. त्यांतले पहिले दोन केवळ शिकण्यात गेले.

आधी नावाचे सांगते. इंग्रजीत या खेळांना ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’ म्हणतात. मराठीत काय म्हणावे यापाशी मी बराच काळ अडून बसले. ‘दिव्यांगांचे स्कीइंग’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात काहीतरी वेगळे, हलके केलेले, सुटीतल्या करमणुकीसारखे उभे राहते. प्रत्यक्षात डोंगर तोच असतो, बर्फ तेच, उतारावर वागायचे नियमही तेच. बदलते ते साधन. शिंपी माप घेतो ते कापड कापण्यासाठी, तसेच इथे माणसाचे माप घेऊन साधन बेतले जाते. म्हणून या पुस्तिकेत मी ‘मापाचे स्कीइंग’ असा साधा शब्द वापरला आहे. आणि खेळणाऱ्याला सगळीकडे ‘विद्यार्थी’ म्हटले आहे, कारण डोंगरावर आम्ही त्याला तेच म्हणतो. मग तो सात वर्षांचा असो की सत्तरीतला निवृत्त सैनिक.

साधनांची ओळख पहिल्या भागात चित्रांसह आहे, इथे थोडक्यात सांगते. एक पाय असलेला विद्यार्थी एकाच स्कीवर उभा राहतो आणि दोन्ही हातांत आउटरिगर घेतो. आउटरिगर म्हणजे कोपराखाली पकड असलेली कुबडी, जिच्या टोकाला छोटीशी स्की असते. ती उभी केली की कुबडीसारखी चालायला उपयोगी, आडवी केली की बर्फावर घसरणारी. बर्फावर तीन रेषा उमटतात म्हणून या पद्धतीचे नाव थ्री-ट्रॅक. दोन्ही पाय आहेत पण त्यांत पुरेसा जोर नाही, अशांच्या चार रेषा होतात. त्यांच्या दोन्ही स्कींची टोके फाकू नयेत म्हणून मध्ये एक जोड बसवतात. उभेच राहता येत नसेल तर बसून. मोनोस्कीत अंगाला घट्ट बसणारे वाटीसारखे आसन असते, त्याखाली धक्के पचवणारा शॉक अ‍ॅब्झॉर्बर आणि त्याखाली एकच स्की. कमरेच्या वरचा तोल चांगला असलेला माणूस त्यावर अशा वेगाने जातो की त्याच्या मागे राहताना माझी दमछाक होते. बायस्कीला खाली दोन स्की असतात आणि आसन बर्फालगत. शरीर ज्या बाजूला कलते त्या बाजूला ती वळते. जिथे हातही साथ देत नाहीत तिथे मागून येणाऱ्या प्रशिक्षकाच्या मनगटांत बायस्कीला बांधलेले दोन पट्टे असतात. त्यालाच आम्ही दोरी म्हणतो. आणि अंध विद्यार्थ्याचे साधन म्हणजे दुसऱ्या माणसाचा आवाज.

ही साधने कुठल्या प्रयोगशाळेत जन्मली नाहीत. त्यांचा उगम युद्धात आहे, आणि हे सांगताना मला दरवेळी जरा थांबावेसे वाटते. दुसऱ्या महायुद्धात पाय गमावलेल्या फ्रान्झ वेंडेल याने १९४२ च्या सुमारास आपल्या कुबड्यांच्या टोकांना छोट्या स्की बसवल्या आणि तो पुन्हा बर्फावर उतरला. ऑस्ट्रियात सेप त्स्विकनागल याचे दोन्ही पाय गेले होते. तो कृत्रिम पायांवर स्की करायला शिकला आणि पुढे किट्सब्युहेलला इतरांना शिकवू लागला. १९४८ मध्ये बाडगास्टाइन इथे अशा खेळाडूंच्या पहिल्या नोंदलेल्या स्पर्धा झाल्या तेव्हा जेमतेम सतरा जण उतरले होते. अमेरिकेत त्याच युद्धात पाय गमावलेले पॉल लाइमक्युलर पुढे कृत्रिम अवयव बनवण्याच्या व्यवसायात राहिले आणि त्यांनी आउटरिगर इथे रुजवले. मग व्हिएतनाम युद्ध आले. १९६७ मध्ये जखमी माजी सैनिकांनी एकत्र येऊन जी संघटना उभी केली, तीच आज ‘मूव्ह युनायटेड’ या नावाने देशभरातल्या शेकडो स्थानिक कार्यक्रमांना जोडून ठेवते.

माझे लहानपण पुण्यात खडकीला गेले. त्यामुळे हा इतिहास वाचताना मला तो परका वाटला नाही. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे, म्हणजे त्याच महायुद्धातल्या जखमींसाठी सुरू झालेले. खडकीत पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे, आणि शाळेत असताना चाकाच्या खुर्च्यांवरून चेंडूमागे धावणारे जवान मी पाहिले आहेत. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी भारताला पहिले सुवर्ण मिळवून दिले. पाणी काय किंवा बर्फ काय, दोन्ही ठिकाणी शरीराचा भार दुसरे कोणीतरी उचलते. पेटकरांनी पोहायला सुरुवात केली ती उपचारासाठी. आमच्याकडे येणारे कितीतरी विद्यार्थीही उपचार म्हणूनच येतात, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो शब्द त्यांच्या तोंडून गळून पडतो.

कोलोरॅडोची कथा १९७० पासूनची. डेन्व्हरच्या मुलांच्या रुग्णालयातल्या, हात किंवा पाय गमावलेल्या २३ मुलांना विंटर पार्कच्या डोंगरावर एकदा स्की शिकवायचे ठरले. एकदाच, एका धड्यापुरते. शिकवायला पुढे आले हॅल ओ’लिअरी नावाचे प्रशिक्षक. तो एक धडा संपला नाही. त्यातून ‘नॅशनल स्पोर्ट्स सेंटर फॉर द डिसेबल्ड’ उभे राहिले, ओ’लिअरींनी या शिकवण्याचे शास्त्र बांधले, त्यावर ‘बोल्ड ट्रॅक्स’ हे पुस्तक लिहिले, आणि आज जगभर जे प्रशिक्षक हे काम करतात त्यांच्या शिकवणीत त्या पुस्तकाचा अंश असतो. सहा वर्षांनी, १९७६ मध्ये, स्वीडनमधल्या ऑर्नशोल्ड्सविकला पहिले हिवाळी पॅरालिम्पिक झाले. तिथे अंध आणि अवयव गमावलेले खेळाडूच उतरले. बसून स्की करणाऱ्यांची पाळी नंतर आली. १९८७ मध्ये सँडी ट्रॉम्बेटा या उपचारतज्ज्ञाने कोलोरॅडोतच माजी सैनिकांसाठी हिवाळी शिबिर सुरू केले, ते आजही दरवर्षी स्नोमासला भरते.

विंटर पार्कला मी पहिल्यांदा गेले ती रेल्वेने. डेन्व्हरच्या युनियन स्टेशनवरून हिवाळ्यात सुटणारी ही गाडी डोंगर चढते, १९२८ मध्ये खुल्या झालेल्या दहा किलोमीटर लांबीच्या मॉफट बोगद्यात शिरते, आणि बोगदा संपतो न संपतो तोच थेट स्कीच्या उतारांपाशी उभी राहते. कर्जतहून घाट चढताना बोगद्यांत मुले ओरडतात तशीच इथेही ओरडतात. हा पायथा समुद्रसपाटीपासून २,७०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा हजारभर मीटर उंच. पुण्यामुंबईहून आलेल्या पाहुण्यांना मी हा आकडा आधीच सांगून ठेवते, कारण इथे चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. विद्यार्थ्यांनाही लागते. पहिल्या दिवशी त्यांना पाणी पाजत राहणे हे स्वयंसेवकाचे पहिले काम.

आता कामाकडे येते. “मला स्की फारशी येत नाही, मी काय मदत करणार?” असे मला दर वर्षी कोणीतरी विचारते. उतारावर जायचे तर स्की नीट यायलाच हवी, त्यात सवलत नाही. पण उतारावर जाण्याआधी आणि नंतर जे घडते त्यावरच तो दिवस ठरतो. खुर्चीतून मोनोस्कीत बसवणे घ्या. खुर्चीचे ब्रेक लावले का, पायपट्ट्या बाजूला केल्या का, कोण डोक्याकडे उभे आहे आणि कोण पायांकडे, आकडे कोण मोजणार, ‘तीन’ म्हटल्यावर उचलायचे की ‘तीन’ म्हणताना. हे सगळे आधी बोलून घ्यावे लागते. आणि त्याच्याही आधी विद्यार्थ्याला विचारावे लागते. तो वर्षानुवर्षे खुर्चीतून पलंगावर, गाडीत, पोहण्याच्या तलावात जात आला आहे. त्याला उचलण्याची पद्धत त्याच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? आपल्याकडे न विचारता हात पुढे करण्याला माणुसकी म्हणतात, आणि त्यामागचे मन चांगलेच असते. पण अचानक दंडाला धरले की तोल जातो. माझ्या अंध विद्यार्थ्याने मला पहिल्याच दिवशी सांगितले, “तुम्ही मला धरू नका. कोपर पुढे करा, मी धरतो.” नऊ वर्षांत याहून कामाची सूचना मला कोणी दिली नाही.

अंध विद्यार्थ्याबरोबर जाताना तुम्ही त्याचे डोळे असता, आणि म्हणून बोलणे मोजकेच हवे. ‘डावीकडे वळ’ म्हणायचे ते वळण यायच्या आधी, ठरलेल्या लयीत. वाटेत काय आहे ते घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगायचे : दोन वाजता झाड, अकरा वाजता लोक. ‘थांब’ हा शब्द धोक्यासाठीच राखून ठेवायचा, गप्पांमध्येही तो यायला नको. मराठी बायकांना बोलताना मध्येच ‘थांब गं’ म्हणायची सवय असते. ती मला मोडावी लागली.

मागून येणाऱ्या वेगवान लोकांपासून विद्यार्थ्याचा बचाव करणारा एक स्वयंसेवक असतो. त्याने विद्यार्थ्याच्या वरच्या अंगाला, जरा मागे राहायचे आणि आपल्या अंगाने वाट अडवायची. दिवसभर त्याच्या वाट्याला विद्यार्थ्याची पाठच येते. त्याचा फोटो कोणी काढत नाही, पण तो नसेल तर धडा सुरूच करत नाहीत. लिफ्टचे तंत्र वेगळे आहे. चालवणाऱ्याला हात करून खुर्ची हळू करायला सांगायची, बायस्की दोघांनी मिळून उचलून खुर्चीवर ठेवायची, वर चढताना ती खुर्चीला बांधलेली असली पाहिजे, आणि वर पोचल्यावर ती गाठ सोडायला विसरायचे नाही. यातली प्रत्येक गोष्ट वेगळी सोपी आहे. वजा वीस अंशांत, बोटे बधिर झालेली असताना, मागे रांग लागलेली असताना, ती सगळी क्रमाने करणे म्हणजे काम.

माझ्या हातून झालेली एक चूक इथे लिहून ठेवते, कारण या पुस्तिकेतले मोज्यांवरचे प्रकरण तिच्यामुळे लिहिले गेले. माझ्या पहिल्या हिवाळ्यात कमरेखाली संवेदना नसलेल्या एका गृहस्थांना मी बूट चढवले. मोजा टाचेपाशी दुमडला गेला होता. मला ते बोटांना जाणवले होते, पण बाहेर सगळे खोळंबले होते आणि मी म्हटले, असू दे. आपल्या पायात मोजा दुमडला तर दहा पावलांत आपण खाली बसून तो सारखा करतो. त्यांना ते कळणार कसे? दुपारी मुख्य प्रशिक्षकाने नेहमीप्रमाणे बूट काढून पाय पाहिले तर टाचेवर लालभडक वळ उठला होता. त्याची जखम झाली. संवेदना नसलेल्या अंगावरची जखम भरायला आठवडे जातात, आणि तोवर त्या पायावर भार देता येत नाही. त्यांचा तो हिवाळा माझ्यामुळे संपला. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. पुढच्या वर्षी ते आले तेव्हा बूट चढवायला मलाच बोलावले. तेव्हापासून मी दुमड नाही ना हे एकदा हाताने बघते, आणि मग दुसऱ्या कोणाला तरी पुन्हा बघायला लावते.

थंडीचेही तसेच आहे. ज्या बोटांना थंडी कळत नाही ती गोठत असताना तक्रार करत नाहीत. कण्याला वरच्या भागात इजा झालेल्यांचे शरीर आपले तापमान नीट सांभाळू शकत नाही. त्यांच्या बाबतीत आणखी एक गंभीर गोष्ट माहीत असायला हवी : मूत्राशय तुंबणे, पट्टा रुतणे अशा साध्या कारणानेही त्यांचा रक्तदाब एकाएकी चढू शकतो. डोके ठणकू लागले, चेहरा लाल झाला, घाम फुटला की धडा तिथेच थांबवून त्यांना बसते करायचे, पट्टे सैल करायचे, कारण शोधायचे आणि मदत बोलवायची. हे वाचून कोणी घाबरून मागे सरू नये. प्रशिक्षणात हे सगळे हाताने करून दाखवतात, आणि तुम्ही तिथे एकटे कधीच नसता.

आता दोरी. ती पहिल्या दिवशी हातात मिळत नाही. मला ती तिसऱ्या हिवाळ्यात मिळाली, तीही बरेच दिवस रिकाम्या बायस्कीवर आणि मग सहकाऱ्यांना बसवून सराव केल्यानंतर. मला वाटायचे, दोरी घट्ट धरणारा चांगला. माझ्या प्रशिक्षिकेने माझ्या मनगटांकडे बघून सांगितले की मी विद्यार्थ्याला शिकवत नाही, नुसती वाहून नेते आहे. दोरी कायम ताणलेली असली तर बायस्की तुमच्या मनाने वळते. आत बसलेल्याने मान वळवली काय, खांदा टाकला काय, त्याला त्याचे काही उत्तरच मिळत नाही. उत्तर मिळाले नाही की तो प्रयत्न सोडतो. आपल्याला वाटते त्याला जमत नाही, आणि आपण दोरी आणखी ताणतो. म्हणून दोरीला झोळ हवा. पट्टे हातात असतात, लक्ष क्षणभरही हलत नाही, पण ओढ लागते ती वेळ आली तरच.

संक्रांतीला भेटलेली ती आई फेब्रुवारीत मुलाला घेऊन आली. पहिल्या दोन फेऱ्या तो दातावर दात धरून बसला होता. तिसऱ्या फेरीत उताराच्या डाव्या कडेला त्याची आई लाल जाकीट घालून उभी होती. तो तिच्याकडे बघायला वळला. मान वळली, मानेमागे खांदा गेला आणि बायस्की डावीकडे गेली. माझ्या हातातल्या पट्ट्यांना झोळ होता. त्याला ते कळायला दोन क्षण लागले. मग त्याने मुद्दाम उजवीकडे पाहिले. बायस्की उजवीकडे गेली. खाली पोचल्यावर आईने विचारले, “थंडी वाजली का रे?” त्याने त्याच्या सावकाश बोलण्यात एकच शब्द म्हटला, “परत.”

त्या ‘परत’ला पैसे लागतात, आणि त्याबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे. एक चांगली मोनोस्की किंवा बायस्की म्हणजे काही हजार डॉलर. ती प्रत्येकाच्या मापाची बसत नाही, म्हणून वेगवेगळ्या आकारांच्या ठेवाव्या लागतात. एका बायस्कीच्या धड्याला एक तयार प्रशिक्षक आणि एक किंवा दोन स्वयंसेवक. त्याशिवाय लिफ्टचे पास, विमा, साधने ठेवायला उबदार खोली, आणि फोनवर बसून कोणाला कुठल्या दिवशी कोणाबरोबर पाठवायचे हे जुळवणारा एक पगारी माणूस. विद्यार्थ्याकडून घेतली जाणारी फी या खर्चाचा लहानसा भाग भागवते. ती वाढवली तर जे येतात त्यांतले निम्मे येणार नाहीत, कारण अपंगत्वाचा घरखर्च आधीच मोठा असतो. उरलेली रक्कम देणग्यांतून यावी लागते. डोंगरावरचे स्की रिसॉर्ट सवलत देतात, माजी सैनिकांसाठी सरकारी अनुदाने आहेत, कंपन्या आपले संघ उतरवून स्कीच्या शर्यतींतून पैसे देतात, आणि काही ठिकाणी दिवसभरात जितक्या फेऱ्या माराल त्या प्रत्येकीमागे तुमचे मित्र ठरलेली रक्कम देतात.

वर्गणी मागणे आपल्याला नवे नाही. गणपतीची वर्गणी मागत आपण लहानाचे मोठे झालो. पण त्या वर्गणीची एक सोय होती : मांडव कोपऱ्यावरच असायचा. पैसे कुठे गेले ते देणाऱ्याला रोज संध्याकाळी दिसायचे. इथे देणारा डेन्व्हरमध्ये आणि काम शंभर किलोमीटरवर, घाटापलीकडे. म्हणून हिशेब त्याच्या दारात न्यावा लागतो. आमच्या मंडळात आम्ही दिवाळीच्या फराळाचे डबे करून विकतो. चकली, शंकरपाळे, चिवडा, आणि ज्यांचा हात बसला आहे त्यांच्याकडून अनारसे. एका वर्षी त्यातून बायस्कीच्या निम्म्या किमतीइतके पैसे जमले. उरलेले निम्मे कोणाच्याच खिशातून गेले नाहीत. ते आमच्या सभासदांच्या कंपन्यांनी दिले. इथल्या कितीतरी कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीइतकीच रक्कम स्वतः घालतात, आणि काही तर त्याने स्वयंसेवेत घालवलेल्या तासांचेही पैसे संस्थेला देतात. त्यासाठी एक फॉर्म भरावा लागतो. दहा मिनिटांचे काम. आपल्यातले अनेक जण ते वर्षानुवर्षे करत नाहीत, आणि तेवढे पैसे तिथेच राहून जातात. या पुस्तिकेत त्या फॉर्मवर एक अख्खे प्रकरण आहे, आणि ते सगळ्यांत रूक्ष असूनही सगळ्यांत आधी वाचावे अशी माझी विनंती आहे.

दुसरी अडचण मनाची आहे. देणाऱ्याला वस्तू द्यायला आवडते. मोनोस्कीवर आईवडिलांच्या नावाची पट्टी लावता येते. विम्याच्या हप्त्यावर किंवा वेळापत्रक जुळवणाऱ्या माणसाच्या पगारावर ती कशी लावणार? त्यामुळे साधने असतात, पण ती चालवायला माणूस नाही, असे दिवस येतात. एका हंगामात आमच्याकडे भिंतीला टेकवून ठेवलेल्या, कोणी न वापरलेल्या दोन चांगल्या बायस्की होत्या आणि प्रतीक्षायादीत मुले होती. तेव्हापासून मी पैसे मागताना आधी हेच सांगते : कशासाठी ते तुम्ही ठरवू नका, आमच्यावर सोडा, वर्षाअखेरीला पैन्पैचा हिशेब मागा.

आणि शेवटची, मला सगळ्यांत जास्त बोचणारी गोष्ट म्हणजे दया. दयेवर पैसे लवकर मिळतात. माझ्या दुसऱ्या वर्षी मी आवाहनाचे एक पत्रक लिहिले आणि एक पाय असलेल्या, शर्यतींत उतरणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीला वाचायला दिले. तिने पेन मागून घेतले आणि दोन शब्द खोडले : ‘दुर्दैवी’ आणि ‘धाडसी’. पहिला मला पटला, दुसरा का खोडला ते कळायला वेळ लागला. डायना गोल्डन ही अमेरिकन खेळाडू बाराव्या वर्षी हाडाच्या कर्करोगात पाय गमावून बसली. १९८८ मध्ये कॅलगरीच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये प्रदर्शनीय म्हणून ठेवलेल्या जायंट स्लालममध्ये तिने सुवर्ण जिंकले. तिचेही म्हणणे हेच असायचे की मला खेळाडू म्हणून बघा. धाडसी म्हणणाऱ्याला तिची वळणे दिसत नाहीत. आमच्या विद्यार्थिनीने खोडलेल्या शब्दांच्या जागी मी तिची शर्यतीची वेळ लिहिली, तिच्या आउटरिगरची किंमत लिहिली, आणि तिच्या एका तासाच्या सरावाला प्रत्यक्ष काय खर्च येतो ते लिहिले. त्या वर्षी पैसे कमी जमले. हे लपवून काय उपयोग? पण ज्यांनी दिले त्यांतले बहुतेक पुढच्या वर्षी न विचारता परत आले, आणि त्यांतले तिघे आता आमच्याबरोबर डोंगरावर असतात.

या पुस्तिकेत वैद्यकीय सल्ला नाही. तो विद्यार्थ्याच्या डॉक्टरांकडून घ्यावा. दोरी कशी धरावी हेही यात वाचून येणार नाही, त्यासाठी डोंगरावर यावे लागेल. साधनांची नावे मी इंग्रजीच ठेवली आहेत, कारण उतारावर सगळे त्याच नावांनी हाका मारतात आणि तिथे भाषांतराला वेळ नसतो. चित्रे त्या मुलाच्या आईने काढली आहेत. ती आता बूट चढवण्याच्या खोलीत दर शनिवारी असते, आणि मुलगा उतारावर असताना खिडकीशी जात नाही.

नव्या स्वयंसेवकांचे प्रशिक्षण डिसेंबरच्या सुरुवातीला असते. पहाटे साडेपाचला निघावे लागते, डबा घरून आणावा, पाणी भरपूर आणावे. हातमोजे दोन जोड, एक ओला झाला तर दुसरा. आणि पायांतले मोजे पातळ, मापाचे आणि एकच जोडी. पहिला तास आपण एकमेकांना बूट चढवण्यात घालवणार आहोत.